लांब ठेवलेली तीन यंत्रं

कात्रपला मोबाइलच्या दुकानापाशी सोल्डरिंगचा वास आला आणि मला अंबरनाथच्या वर्कशॉपची तापलेली गच्ची आठवली. ताऱ्यांच्या स्फोटांतून येणारे कण टिपणारी तीन यंत्रं मी तिथे शेजारीशेजारी मांडली होती. तिन्ही एकदम वाजायची. वर्कशॉपमधले शहाडचे फिटरमामा म्हणाले, "साहेब, एकाचा करंट दुसऱ्यात जात असेल. लांब लांब ठेवून बघा ना." मी हसलो, "मामा, आता तुम्हीच प्रोफेसर व्हा!" तरी ठेवली. भर दुपारी तिन्ही पुन्हा एकदम वाजली. म्हणजे करंटचा दोष नव्हता; वर हवेत एकच कण आदळून त्याच्या असंख्य ठिकऱ्या गच्चीभर पडल्या होत्या. "आपल्यातूनही आरपार गेल्या?" मामांनी विचारलं आणि आपला तेलकट तळहात उन्हात धरून ते बघत राहिले. मीही माझा धरला. यावर मी लिहिलेल्या शोधनिबंधावर माझी सगळी कारकीर्द उभी राहिली. नाव एकट्या माझं. पुढे मामांनी विचारलं, "छापून आलं का हो साहेब? पोरीला दाखवायचंय." निबंध छापलेला अंक माझ्या पिशवीतच होता. "अजून नाही," मी म्हणालो. यंत्रं लांब ठेवायची कल्पना त्यांची होती, हे मी आज लिहितो आहे, मामा हयात नसताना.