बिनशटरची बँक

आमच्या प्रमोदभाऊंच्या बँकेचे किस्से कोणी जपून ठेवले नाहीत, तरी टपरीवर बसलो की दर वेळी एखादा जास्तच निघतो! मी सांगायला लागलो की बायको म्हणते, "झालं, आता जेवण गार!"

भाऊ आमगावकडचे, धानाच्या शेतीतले. पुण्याची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आले आणि कुडव्यात पिठाच्या गिरणीच्या माडीवर मोबाइलवर चालणारी बँक काढली. शाखा नाही, शटर नाही, पासबुक नाही. जुन्या बँकेतली पक्की नोकरी सोडून मी त्यांच्याकडे गेलो, तर सासरे माझ्याशी बोलेनात. त्यात मुंबईच्या ज्या बँकेच्या परवान्यावर आमचं ॲप चालायचं, तिनं बजावलेलं: दिवाळीपर्यंत गावातले बचत गट आले नाहीत, तर गाशा गुंडाळा!

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाजारातले किराणावाले शेठजी. त्यांनी विचारलं, "लंच टाइम कब रहता है?"

"लंच टाइम नाहीच, शेठजी. चोवीस तास चालू!"

शेठजी उठलेच. "लंच टाइम नहीं? फिर काहे का बैंक!"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी दारावर पाटी लावली, 'लंच टाइम २ ते ३'. शेठजींनी ती वाचली, समाधानानं मान हलवली आणि बरोब्बर अडीच वाजता खातं उघडलं.

*

नागझिऱ्याचा एक गाइड आमचा खातेदार. जंगलात नेटवर्क फक्त एका पाणवठ्याजवळ मिळायचं. पगाराच्या दिवशी त्यानं जिप्सी तिथंच थांबवली. नागपूरचे पर्यटक कुरकुरायला लागले, "कायले थांबवली, भाऊ?"

"पगाराचा मेसेज येऊन राहिला, साहेब. पाच मिनिटं!"

मेसेजच्या आधी वाघ आला. आरामात पाणी पिऊन गेला! गेटवर पोचल्यावर सगळ्या जिप्सीनं एकच विचारलं, "कोणतं ॲप म्हणालास?"

*

आणि आता बोडीचा किस्सा.

फुलचूरच्या पुढं एका गावात तळ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या बोडीच्या, पाळीवर बचत गटांची सभा होती. अध्यक्ष शेवंताबाई. त्यांनी हो म्हटलं की आजूबाजूचे सगळे गट येणार. पण माझ्या जुन्या बँकेचे मॅनेजर साहेबही येऊन बसले होते. ते उठून म्हणाले, "फोन पाण्यात पडला, की पैसे गेले समजा!"

बायांत कुजबुज सुरू झाली. शेवंताबाईंनी विचारलं, "काऊन भाऊ, खरं हाये का?"

भाऊंनी खिशातला कोरा करकरीत फोन काढला आणि दिला फेकून बोडीत! "बुडला फोन. आता पैसे पाहा, बाई!"

माझा फोन घेऊन त्यांनी ऐटीत ॲप उघडलं. स्क्रीनवर आलं, 'तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.'

आम्ही दोघांनी बोडीकडं पाहिलं.

मॅनेजर साहेब पोट धरून हसले. मी मनात म्हटलं, नोकरी गेली, आता सासऱ्यांना काय तोंड दाखवू! भाऊ मात्र पँट-बुटासकट पाण्यात उतरले. पहिल्या बुडीत शिंगाड्याचा वेल आला, मग कोणाची तरी चप्पल, आणि शेवटी फोन. फोन मेलेला. आतलं सिम शेवंताबाईंनी पदरानं कोरडं केलं, मी माझ्या फोनमध्ये घातलं, ओटीपी आला. पैसे जिथल्या तिथं!

बायांनी टाळ्या पिटल्या. शेवंताबाईंनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "घे भाऊ, आमचे सारे गट तुले देले."

मग त्या शांतपणे मॅनेजर साहेबांकडं वळल्या.

"साहेब, आता तुमची बँक बोडीत टाकून दाखवा!"