उत्तर देईपर्यंत उभी
व्हाइटबोर्डच्या मार्करचा उग्र वास आला की मला कामोठ्यातला तो क्लास आठवतो. दहावी तालुक्याच्या शाळेत झाली आणि मामाने मला अकरावीसाठी शहरात, कामोठ्याला आणलं. बंद काचा, एसीची घरघर, खांद्याला खांदा लावून बसलेली मुलं. पहिल्याच दिवशी सर एकेकाला विचारत होते, पुढे काय व्हायचंय? त्यावरून बॅच ठरणार होती, डॉक्टरवाल्यांची वेगळी, इंजिनिअरवाल्यांची वेगळी. मुलं बसूनच उत्तरं देत होती. माझी पाळी आली तशी मी सवयीने उभी राहिले. उत्तर सुचेना. सर पुढच्याकडे वळले, मग शिकवायलाही लागले. आमच्या शाळेत गुरुजींनी ‘बस’ म्हटल्याशिवाय कुणी बसत नसे, म्हणून मी उभीच. पाय भरून आले. बाक इतके जवळ की बाहेरही पडता येईना. मागचा मुलगा कुजबुजला, “ए, बस ना, बोर्ड दिसत नाय.” तेव्हा सरांचं लक्ष गेलं. “काय गं, घरी जायचंय?” “नाही सर, तुम्ही बस म्हणाला नाहीत.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “आधी उत्तर दे.” समोरच्या मुलीसारखं ‘डॉक्टर’ म्हणून सुटावं, असं फार वाटलं. पण तोंडातून निघालं, “सर, आमच्या घरात दहावीपुढे कुणी शिकलं नाही. काय काय होता येतं, तेच मला माहीत नाही.” सर म्हणाले, “बस. क्लास सुटल्यावर भेट, मग ठरवू.” संख्याशास्त्र नावाचा विषय असतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आज माझी पदवी त्याच विषयातली आहे.