लेस्टरच्या आईचं भाषण

कार्डिफमध्ये एका टीव्ही मालिकेच्या ऑफिसात माझं काम होतं स्क्रिप्ट सांभाळण्याचं. लेखिकेनं काही बदललं की ती पानं नव्या रंगाच्या कागदावर छापून मी सगळ्यांना वाटायचे. लेखिका न्यूयॉर्कच्या, मूळच्या नाटककार. सगळे त्यांना नावानं हाक मारत. आईपेक्षा मोठ्या बाईंना नुसतं नावानं हाक मारणं मला जमेना, म्हणून मी हाकच मारत नसे. समोर जाऊन उभी राहायचे, त्यांचं लक्ष जाईपर्यंत.

रंगीत पानांवर त्यांचा राग होता. नाटकात माझ्या परवानगीशिवाय नट एक शब्द हलवत नाही, म्हणायच्या, आणि इथे पाऊस आला तरी प्रसंग बदलतो. तरी त्या टीव्हीसाठी लिहीत, कारण नुसत्या नाटकांवर त्यांचं कधी भागलं नव्हतं. पहिलं नाटक तर एका लहानशा थिएटरात लागलं आणि आठवडाभरात उतरलं. त्यात एका आईचं भाषण होतं. मुलगी घर सोडून निघते तेव्हा आई तिला सांगते, तुझं कौतुक मी इतकी वर्षं मनातच ठेवलं. ते फार थोड्या लोकांनी ऐकलं. पुढच्या नाटकांनी नाव झालं, टीव्हीचं काम आलं, पण हे भाषण बसेल अशी जागा काही सापडली नाही. या मालिकेत ती सापडली असं त्यांना वाटत होतं. लेस्टरमधली मराठी आई, आणि नोकरीसाठी घर सोडणारी मुलगी.

चॅनेलला तो प्रसंग आवडला होता. फक्त पानं पक्की व्हायची होती. त्या दुपारी त्या माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या, भाषणाचं पान पुढे केलं आणि वाच म्हणाल्या. मी वाचलं आणि छान आहे म्हटलं.

"छान आहे ते मला माहीत आहे. तुझी आई असं बोलेल का?"

मी प्रिंटरकडे बघत राहिले. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. पण त्या उठल्या नाहीत, तेव्हा मी हळू आवाजात सांगायला लागले. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरातून मी या नोकरीसाठी निघाले त्या सकाळी आईनं मला चार्जर घेतलास का, एवढंच विचारलं. मी जिन्यात बसून बूट घालत होते. मग तिनं पुण्याला मावशीला फोन लावला आणि मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, हिचं नाव येणारे टीव्हीवर. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत. पण येणारे." माझ्या नाड्या केव्हाच बांधून झाल्या होत्या. मी तशीच वाकून बसून राहिले.

"म्हणजे मुलीचं कौतुक बहिणीला सांगायचं," त्या म्हणाल्या.

"हो. आणि मुलीनं ऐकलं नाही असं दाखवायचं."

त्यांनी भाषणाचं पान ओढून पुन्हा वाचलं. मला वाईट वाटायला लागलं. भाषण ठेवा, मी म्हटलं, लोकांना आवडेल. ते मी मनापासून म्हटलं होतं.

"आवडेलच. पण ते या बाईचं नाही."

तालमीत काही कापायचं ठरलं की त्या ते आधी एकदा उभं राहून म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा काढला, खुर्ची मागे सरकवली आणि बोलायला लागल्या. कागद लागलाच नाही. कुठेही आवाज चढला नाही. समोर मी एकटीच. एरवी कुणी असं बोलायला लागलं की मी नजर चुकवते. त्या दिवशी त्यांच्याकडेच बघत राहिले. एके ठिकाणी त्या थांबल्या, तिथे मीही श्वास रोखला.

संपल्यावर टाळ्या वाजवणं बरं दिसलं नसतं. मी स्क्रीनवर तो सगळा भाग निवडला आणि हात तसाच राहिला. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून डिलीटचं बटण दाबलं. पान जवळजवळ रिकामं झालं.

"चल, या आईला पुण्याला फोन लावू दे," त्या शेजारची खुर्ची ओढत म्हणाल्या. "ही बाई सुरुवात कशानं करते?"

"आधी बहिणीच्या गुडघ्याची चौकशी," मी म्हटलं.

कीबोर्ड स्वतःकडे ओढून त्या टाइप करायला लागल्या.