सोमवारची पावणेदहाची बैठक

गर्जे सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर पिठलं-भाकरीची वाट पाहत बसलो होतो. रविवार होता. पाटोद्याच्या आमच्या शाळेत दुसऱ्या दिवसापासून प्रवेश सुरू व्हायचे होते, म्हणून तिथं दोन प्रिंटर बसवून मी बीडला परत निघालो होतो. विभागाच्या ग्रुपवर अस्लमनं लिहिलं होतं, 'सर गेले. दुपारी, धर्मापुरीत, घरीच. छातीत कळ आली.' मी वाचलं आणि खाली टाइप केलं, 'नोंद घेतली.' सरांचाच नियम होता तो. ग्रुपवरचा निरोप वाचला की एवढे दोन शब्द लिहायचे, अंगठे न्हाईत, जोडलेले हात न्हाईत. सात वर्षांत बोटांना सवयच लागली होती. भाकरी आली, ती मी खायला लागलो, आणि अर्धी संपल्यावर कधीतरी कळलं की आपण काय लिहून बसलोय. पुसायला फोन हातात घेतला तर खाली प्रतीक्षानंही तेच लिहिलं होतं. मग मी माझं तसंच राहू दिलं. या गोष्टीबद्दल आम्ही दोघं अजून एकमेकांशी बोललेलो नाही.

रामकिसन गर्जे आमच्या शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे चौघंच: सर, नेटवर्क बघणारा अस्लम, सॉफ्टवेअरची प्रतीक्षा आणि मी. जिल्हाभरच्या शाळांचे संगणक आमच्या गळ्यात. सर यायच्या आधीही आमची बैठक व्हायची, म्हणजे चहा व्हायचा, कुणाच्या गावात कोण निवडून येणार ते ठरायचं, आणि दोन तासांनी 'बघू, करून घेऊ' म्हणून सगळे उठायचे. सरांनी पहिल्याच सोमवारी घरून पोळ्यांचा स्टीलचा डबा आणला आणि टेबलावर ठेवला. फोन त्यात टाकायचे. पहिला त्यांनी आपला टाकला, दहाचा अलार्म लावून. पावणेदहाला बैठक सुरू, दहाला अलार्म वाजला की ते डब्यात हात घालून तो बंद करायचे आणि आम्ही उठायचं. एकदा संस्थेचे सचिव मार्गदर्शन करायला येऊन बसले होते. ऐन रंगात असताना अलार्म वाजला, सरांनी तो बंद केला आणि नमस्कार करून उभे राहिले. सचिव पुन्हा आले नाहीत.

पंधरा मिनिटांत तीनच गोष्टी. या आठवड्यात माझ्या हातून काय बिघडलं, माझं काम कुठं अडलंय, आणि आता कोण काय कधीपर्यंत करणार. बिघडलेलं सांगायची सुरुवात सर स्वतः करायचे. 'पहिलं माझं,' म्हणायचे आणि काय चुकलं ते एखाद्या बातमीसारखं सांगून मोकळे व्हायचे. चूक सांगणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही, शेजारच्यानं आपली सांगायला लागायचं. आणि शेवटी कुणी 'बघतो' म्हणालं की ते चष्म्यावरून पाहत विचारायचे, 'कोन? कवा?' एवढ्यावर माणूस वठणीवर यायचा. मला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटला होता. पण वर्षभरात शाळांचे तक्रारीचे फोन निम्म्यावर आले, हे मला मान्यच करावं लागलं.

वडवणीची गोष्ट मात्र सांगायला हवी, त्यासाठीच तर हे लिहायला बसलोय. तीन वर्षांपूर्वी सरांनी मला सांगितलं होतं, की वडवणीच्या शाळेतल्या नोंदींची दुसरी प्रत रोज निघते म्हणतात, पण ती उघडते का ते एकदा जाऊन बघा. मी ग्रुपवर 'नोंद घेतली' लिहिलं आणि गेलो नाही. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, कंटाळा केला. दोन महिन्यांनी तिथली डिस्क गेली, आणि प्रत उघडून पाहिली तर रिकामी. मुलांच्या दाखल्यांच्या सगळ्या नोंदी गेल्या. त्या सोमवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, 'डिस्क खराब निघाली.' सरांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबले... आणि अस्लमकडे वळले. सचिवांसमोर ते स्वतःच म्हणाले, 'तपासायचं माझ्याकडून राहिलं.' मग नऊ दिवस सर एसटीनं वडवणीला जात राहिले. जुन्या रजिस्टरांतून ते एकेक नाव वाचायचे आणि तिथल्या लिपिक शिरसाट बाई टाइप करायच्या. मी बीडमध्येच थांबलो. ऑफिसात कुणीतरी हवंच ना, असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

त्यानंतर दर सोमवारी मी काहीतरी सांगायचोच. केबलला चिठ्ठी लावली नाही, पासवर्ड कागदावर राहिला, असलं. सर ऐकून घ्यायचे. त्यांनी कधी रागावून बोललेलं मला आठवत नाही, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. गेल्या दिवाळीच्या आधी बैठक संपल्यावर डब्यातून आपापले फोन घेताना ते फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, 'नवनाथराव, लहान चुका लई चांगल्या सांगता तुमी.' मी हसलो. तेही हसले आणि चहाला चला म्हणाले. तेव्हाच बोलायला हवं होतं. चहा पिऊन झाला, पैसे त्यांनीच दिले, आणि मी म्हटलं पुढच्या सोमवारी सांगू. असे किती सोमवार गेले ते मोजायचीही मला लाज वाटते.

धर्मापुरीला जाऊन आलो. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, विचारलं, जेवलात का. मी हो म्हणालो. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. कामं करतो, फोन घेतो, रात्री झोपही लागते. तेराव्यानंतर सरांचा मुलगा ऑफिसच्या वस्तू परत द्यायला आला: किल्ल्या, ओळखपत्र आणि फोन, चार्जरची वायर नीट गुंडाळलेली. सचिवांनी तोवर मला बोलावून विभागाचा कारभार सध्या तुम्हीच बघा म्हणून सांगितलं होतं. फोन जमा करून घ्यायचा तर तो चालू आहे का ते पाहायला हवं, म्हणून मी चार्जिंगला लावला. सोमवारी सकाळी तो कुठं ठेवावा ते सुचेना, तेव्हा डब्यात ठेवला. त्यावर आमचे तिघांचे.

पावणेदहा वाजले. सरांच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. अस्लम आणि प्रतीक्षा माझ्याकडे पाहत होते, कारण आता पहिलं माझं होतं. मनात मी एक तयार करून आणलं होतं, पाटोद्याच्या प्रिंटरची पावती घ्यायची राहिली होती ते. तोंड उघडलं आणि वेगळंच आलं.

'वडवणीची डिस्क खराब झाली हे खरंय. पण प्रत उघडते का ते बघायला सरांनी मला सांगितलं होतं. मी नोंद घेतली लिहिलं आणि गेलो नाही.'

नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही. प्रतीक्षानं आपली चूक सांगितली, मग अस्लमनं. अडलेल्या कामांचंही झालं. शेवटी मी म्हणालो की शिरसाट बाईंना हे सांगायला वडवणीला जातो.

'कवा?' अस्लमनं विचारलं.

'उद्या. सकाळच्या पहिल्या गाडीनं.'

तेवढ्यात डब्यात अलार्म वाजला. स्टीलमध्ये तो नेहमीच मोठा वाजायचा. तो बंद झाल्यावर उठायचं एवढंच आम्हाला ठाऊक होतं, आणि बंद करायचा हात कुणाचा ते ठरलेलं होतं. आम्ही तिघं डब्याकडे पाहत बसलो. तो वाजून थांबला, थोड्या वेळानं पुन्हा वाजायला लागला. सात वर्षांत सरांची बैठक पहिल्यांदाच दहाच्या पुढं गेली.