दिव्यांच्या पिवळ्या काचा

ती बाई मला दिसली तेव्हा माझ्या गाडीपासून ती जेमतेम दोन हातांवर होती.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता. मी बोर्ली पंचतनच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्या दिवशी दहावीचा जादा तास सहाला सुटला आणि मी किनाऱ्याच्या रस्त्याने घरी निघाले. आमचं गाव बोर्ली आणि श्रीवर्धनच्या मधे, समुद्राला लागून. सूर्य बुडाला होता. आकाशात अजून उजेड होता, पण रस्त्यावर काळोख साचायला लागला होता. गाडीचे दिवे मी लावले होते. एक वळण घेतलं आणि समोर एकदम निळं लुगडं, डोक्यावरची टोपली आणि माझ्याकडे वळलेला चेहरा.

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी कडेच्या खडीवरून सरकत तिरकी थांबली. टोपली रस्त्यावर गडगडत गेली आणि ती बाई गवतात बसलेली दिसली. मी दार उघडून उतरले. बॉनेटला धरून धरून पुढे गेले.

"लागलं का हो?"

"न्हाय लागला," ती म्हणाली. साठीची असेल. बाजार आटोपून परत चाललेली कोळीण. टोपली रिकामीच होती.

"चला, मी घरापर्यंत सोडते."

"तुझ्या गाडीत? नको गो बाय." आणि मागे न बघता ती चालू लागली.

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. घरात शिरताना तोंडावर पाणी मारलं आणि यांना काहीच सांगितलं नाही.

ती बाई मला आधी का दिसली नाही, याचं उत्तर मला माहीत आहे असं मला वाटत होतं. माझ्या वडिलांना काचबिंदू होता. आधी त्यांना ताटाच्या कडेची चटणी दिसेना, मग दारात उभा राहिलेला माणूस दिसेना, आणि साठीच्या आत सगळंच गेलं. हे रक्तातून उतरतं. आनुवंशिकतेच्या धड्यात मी स्वतः मुलांना हे उदाहरण देते. वडिलांचं आहे एवढं मात्र सांगत नाही. मी त्रेपन्न वर्षांची होते.

डॉक्टरकडे जायला हवं होतं. पण डॉक्टरांनी "गाडी चालवू नका" म्हटलं तर? घरात आम्ही दोघंच. मागच्या वर्षी यांच्या हृदयाच्या दोन नसांमध्ये स्टेंट बसवले, आणि तेव्हापासून यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पुन्हा छातीत दुखलं तर वेळ न घालवता श्रीवर्धनचं हॉस्पिटल गाठायचं, असं आम्हाला बजावलेलं होतं. अँब्युलन्स बोलवायची तर ती आधी श्रीवर्धनहून येणार आणि मग परत जाणार. म्हणजे गाडी मीच चालवायची. माझी नजर गेली तर यांचं काय, हा विचार आला की मला जेवण जायचं नाही.

मी दहावीचा जादा तास सकाळी घेऊ लागले आणि उजेडात घरी यायला लागले. वाडीत उभी राहून एक डोळा झाकून सुपारीच्या रांगा मोजायचे. मग दुसरा डोळा. दुपारी सगळ्या दिसायच्या. तिन्हीसांजेला मोजायला गेले की शेवटची झाडं एकमेकांत मिसळायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. तिन्हीसांजेला कोणालाही तसंच दिसतं, हे तेव्हा सुचलं नाही.

रविवारी सकाळी ती कोळीण आमच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, येऊन उभी राहिली. यांच्यासमोर ही आता सगळं सांगणार, म्हणून मी दार मागे ओढून घेत धावतच पुढे गेले.

"मावशी, जरा हळू बोला. आत यांना बरं नसतं."

"मी भांडाया न्हाय आले," ती म्हणाली. "गाडी वळखली म्हनून थांबले. त्या सांजेला माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पन घरी जाऊन इचार केला. मी रोज त्याच रस्त्यानं येते. गाडी येत असली की आधी लांबून उजेड पडतो, मी कडेला होते. तुझा उजेड आलाच न्हाय. आवाज आला तवा तू अंगावर."

"दिवे लावलेले होते हो."

"लावले असशील. कंदिलाची काच काजळली की कसा दिसतो, तसा व्हता तो."

तिने टोपली खाली ठेवली, आंब्याखाली उभ्या असलेल्या गाडीपाशी गेली आणि दिव्याच्या काचेवर नखाने टकटक केलं. "ही बघ. बोटीवर असा दिवा ठेवला तर दुसरी बोट येऊन आदळंल."

मी वाकून बघितलं. काच पिवळी पडली होती, वरून खरखरीत, म्हाताऱ्या माणसाच्या पायाच्या नखासारखी. आतला बल्ब दिसतही नव्हता. तेरा वर्षांची गाडी खारं वारं आणि ऊन खात उभी होती. दर आठवड्याला मी तीच काच फडक्याने पुसत होते आणि मला ती कधी दिसली नव्हती.

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. काच खराब आहे म्हणून डोळे चांगले आहेत असं थोडंच ठरतं? दोन्ही खराब असू शकतात.

ती गेल्यावर मी गाडी घेऊन नाक्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला.

"बाई, ही काच नाय, प्लास्टिक हाय. वरचा थर उन्हानं जळला. नवीन मागवायचे तर पंधरा दिवस. नायतर घासून काढायचं. माझा खांदा धरलाय, नायतर मीच करून दिलं असतं."

त्यांनी पॉलिश पेपरचे तीन तुकडे, चकाकी आणायच्या कंपाउंडचा डबा आणि वरून मारायच्या पारदर्शक लॅकरचा स्प्रे दिला. आधी आठशे नंबर, मग पंधराशे, मग दोन हजार, सगळे पाण्यात भिजवून. "एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "पहिल्या पेपरानंतर काच दुधासारखी पांढरी होईल. तिथं माणूस घाबरतो आणि सोडून देतो. सोडू नका."

यांना म्हटलं, "गाडीचे दिवे जरा पुसतेय." दुपारी तीनला बसले. रंगाला ओरखडे जाऊ नयेत म्हणून दिव्यांच्या कडेने चिकटपट्टी लावली, बादलीत पेपर भिजवला आणि आडवे हात मारत घासायला लागले. पिवळं पाणी बंपरवरून ओघळायला लागलं. तासाभराने दोन्ही काचा पांढऱ्याफटक झाल्या. चाचांनी सांगितलं होतं, तरी मला धसका बसला. मोतीबिंदू पिकलेले दोन डोळे माझ्याकडे बघत असावेत तशा त्या दिसत होत्या. होतं ते थोडंबहुत दिसणंही आपण घालवलं, असं वाटलं.

तेवढ्यात ओटीवरून यांची हाक आली. "अगं, जरा येतेस?"

आवाजावरूनच कळलं. हे झोपाळ्यावर बसले होते, हात छातीवर, कपाळावर घाम. "जड वाटतंय," एवढंच म्हणाले.

मी फक्त घड्याळ बघितलं. साडेचार. उजेड होता. यांना गाडीत बसवलं आणि चिकटपट्ट्या फडफडवत, आंधळ्या दिव्यांची ती गाडी श्रीवर्धनच्या दिशेने काढली. डाव्या हाताला जंगल, उजव्या हाताला समुद्र. सूर्य पाण्यावर उतरत होता आणि मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होते. हेच सातला झालं असतं तर? उद्या झालं तर? हे डोळे मिटून बसले होते. दर दोन मिनिटांनी मी "अहो" म्हणायचे आणि हे "हं" म्हणायचे. एकदा "हं" यायला उशीर झाला, तेव्हा माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लगेच ईसीजी काढला. "नवीन काही दिसत नाही," त्या म्हणाल्या, "पण आज इथेच राहू द्या, लक्ष ठेवू." दिवेलागणीला यांना कॉटवर हलवलं. तोंडावर थोडा रंग आला होता. मी स्टूल ओढून बसले आणि माझ्याने राहवेना.

"अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय."

सगळं सांगितलं. वळण, कोळीण, वडिलांचा काचबिंदू, सुपारीची झाडं मोजणं. हे छताकडे बघत म्हणाले, "मला वाटलं माझे डोळे गेले."

"तुमचे?"

"दिवाळीत आपण श्रीवर्धनहून परत येत होतो ना, अंधार पडल्यावर? मला पुढचं काहीच दिसत नव्हतं. तू चालवतेयस म्हणजे तुला दिसत असणार. म्हटलं, गोळ्यांनी माझीच नजर गेली. तुला आणखी कशाला घाबरवायचं, म्हणून बोललो नाही."

त्या संध्याकाळी तो सगळा रस्ता, ती वळणं, तो कठडा नसलेला कडा आम्ही दोघांनी न बघता पार केला होता. मी शेजारी हे आहेत म्हणून धीर धरून होते, आणि हे मला दिसतंय या भरवशावर होते. कोळीण वाचली हे कळलेलं होतं. आपणही वाचलो हे आता कळलं, आणि ते ऐकून मला थंडी वाजायला लागली. यांनी हात पुढे केला. तो मी सकाळपर्यंत सोडला नाही.

रक्ताचे रिपोर्टही चांगले आले. पित्ताचं दुखणं निघालं, आणि सोमवारी सकाळी आम्हाला सोडलं. मी रजा टाकली आणि घरी येऊन पुन्हा बादली भरली. पंधराशेचा पेपर, मग दोन हजारचा. मी नको नको म्हणत असताना हे खुर्ची घेऊन आले आणि उजव्या दिव्यावर कंपाउंड चोळायला बसले.

"दमाल."

"हात चालतोय तोवर चालू दे," हे म्हणाले.

हळूहळू दूध पातळ झालं. आधी आतली चंदेरी वाटी दिसली, मग बल्ब, मग बल्बच्या आतली तारसुद्धा. लॅकर मारून उन्हात वाळू दिलं. संध्याकाळी गाडी गडग्याच्या भिंतीकडे तोंड करून लावली आणि दिवे लावले. चिऱ्यांमधल्या फटी दिसल्या, फटीतलं शेवाळ दिसलं. हे म्हणाले, "बंद कर, बॅटरी उतरेल." पण हे स्वतःच तिथून हलले नाहीत.

डोळ्यांचं राहिलंच होतं. आणखी दोन आठवडे मी काही ना काही कारण काढून टाळलं. शेवटी यांनीच अलिबागच्या डॉक्टरांची वेळ घेतली. यंत्राला हनुवटी टेकवली तेव्हा छाती इतक्या जोरात धडधडत होती की डॉक्टर म्हणाले, "श्वास घ्या, बाई." डोळ्यांतला दाब व्यवस्थित निघाला. मागची शीरही चांगली होती. "पण घराण्यात आहे, तेव्हा दर वर्षी यायचं," ते म्हणाले. दर वर्षी. म्हणजे ही भीती दर वर्षी एकदा नव्याने घ्यायची.

रेवदंड्याला चहासाठी थांबलो तेव्हा उन्हं उतरली होती. पुढे आगरदांड्याला गाडी बोटीवर चढवायची, दिघीला उतरायचं आणि तिथून घरापर्यंत सगळा अंधार. माझ्या मनातलं यांनी ओळखलं असावं.

"राहायचं का इथे कुठे? सकाळी निघू."

मी खाडीतल्या होड्यांकडे बघत राहिले. हो म्हणावंसं फार वाटत होतं.

"नको," मी म्हटलं. "जाऊ या."

दिघीला उतरलो तेव्हा पूर्ण काळोख होता. दिवे लावले. रस्त्याची पांढरी कड दूरपर्यंत दिसत होती, आणि तरीही मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मागच्या गाड्या हॉर्न देऊन पुढे निघून जात होत्या. घरी पोचून गाडी बंद केली, तेव्हा स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली.