वीसपैकी चार

जगातला सगळ्यात मोठा रॉक गिटारवादक कोण, हे आमच्या तारवाल्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की हातातलं काम खाली, चष्मा कपाळावर, आणि मग तासभर तुमची सुटका नाही. तो स्वतः गिटार वाजवत नसे, दुरुस्त करायचा. तुटलेली मान चिकटवायची, झिजलेल्या पट्ट्या काढून नव्या ठोकायच्या, विजेच्या गिटारीच्या पोटातली जोडणी तपासायची. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. त्याचं दुकान पहिल्या मजल्यावर आणि खाली जिन्याच्या तोंडाशी माझं चष्म्याचं. त्याचे चष्मे मीच करायचो. नंबर वाढला की दोष माझ्या काचेचा, हे त्याचं ठरलेलं होतं.

दर शनिवारी दुपारी वर बैठक जमायची. तारवाला, मी, आणि शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. मास्तर वादकांची नावं इतकी वाकडी उच्चारायचे की अर्धा वेळ त्यावरच भांडण व्हायचं. म्हणून आम्ही नावं सोडून दिली आणि टोपणनावं ठेवली. उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवणारा तो डावखुरा. कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावून, त्यावर टोपणं चढवून वाजवणारा तो टोपणवाला. बापाबरोबर बसून, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून स्वतःची गिटार घडवणारा तो शेकोटीवाला. मास्तरांचा लाडका म्हणजे दोन मानांची गिटार गळ्यात घालणारा. एक मान सांभाळता येत नाही म्हणून दुसरी घेतली, असं मी म्हटलं की ते दोन दिवस माझ्या दुकानावरून न बघता जायचे. माझी बाजू आजीची. या सगळ्या पोरांच्या आधी विजेची गिटार गळ्यात अडकवून देवाची गाणी गाणारी ती बाई. तिला यादीत घ्यायचं म्हटलं की बाकीचे दोघे मान डोलवायचे आणि आपापल्या माणसाकडे वळायचे. मला अजून त्याचा राग येतो.

मास्तर वेगाचे भोक्ते. एका दमात सुरांचा पाऊस पाडणारा कोणी सापडला की कॅसेट घेऊन धावत यायचे. तारवाला शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, याला टायपिंगच्या परीक्षेला बसवा, पहिला येईल.

पण तारवाल्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पाठमोरी बैठक. नाव कळलं की कान लबाडी करतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून तीन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडायच्या. ज्याने कॅसेट आणली असेल त्याने मागे उभं राहून बटण दाबायचं. कोण वाजवतंय ते सांगायचं नाही. ऐकून झालं की प्रत्येकाने समोरच्या भिंतीवर खडूने गुण लिहायचे, वीसपैकी. सगळ्यांचे लिहून झाले की मग नाव. लिहिलेलं त्या दिवशी पुसायचं नाही, बदलायचं नाही. मोठमोठी माणसं आम्ही अशी त्या भिंतीवर आपटली आहेत. डावखुऱ्याला मास्तरांनी एकदा सहा दिले होते. त्यानंतर महिनाभर त्यांना चहा मिळाला नाही.

तारवाल्याचा एक धाकटा भाऊ होता. त्याच दुकानात काम करायचा. दुरुस्त झालेली गिटार गिऱ्हाइकाला देण्याआधी वाजवून बघायची, ते काम त्याचं. काम दादाचं आणि आवाज धाकट्याचा, असं गिऱ्हाइकंही म्हणायची. वाजवायच्या आधी घसा खाकरायची त्याला सवय होती, जसं काही गायचंच आहे. सव्विसाव्या वर्षी त्याला एका वाद्यवृंदाने बोलावलं. गावोगाव हिंडायचं, दुकान सोडायचं. त्याला जायचं होतं, पण धीर होत नव्हता. आपण खरंच चांगले वाजवतो की भावाच्या दुकानातले म्हणून लोक वाहवा करतात, हे त्याला कळत नव्हतं. तसं तो एकदा खाली येऊन मला बोलला होता.

मग एका शनिवारी त्याने आपलं वाजवणं कॅसेटवर भरलं आणि पाठमोऱ्या बैठकीत लावलं. आम्ही तिघे भिंतीकडे बघत बसलेलो. अडीच मिनिटं वाजलं. मी चौदा लिहिले, मास्तरांनी तेरा. तारवाल्याने चार. नुसते चार देऊन तो थांबला नाही. तिसरी तार कशी जास्त ओढतोय, दोन सुरांमधली जागा कशी सोडता येत नाही, हा माणूस दुसऱ्याच्या गिटारी वाजवण्यात आयुष्य घालवेल, असं दहा मिनिटं बोलला. त्याचं बोलणं संपल्यावर मागून आवाज आला.

"दादा, तो मी होतो."

तारवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "असं होय. ओळखलं नाही बुवा."

"खरंच नाही ओळखलंस?"

"नाही."

धाकट्याने कॅसेट काढून खिशात घातली, आमच्यासाठी चहा करून आणला. वाद्यवृंदाला त्याने नकार कळवला. वर्षभराने तो दुसऱ्या शहरात गेला, एका गोदामात कामाला लागला. लग्न झालं, मुलगी झाली. घरच्या कार्यांना यायचा, हसून बोलायचा, दादाच्या पाया पडायचा. गिटारीला त्याने पुन्हा हात लावला नाही. बारा वर्षांपूर्वी गोदामातच छातीत कळ येऊन गेला.

तारवाल्याला जे काही लागलं ते मात्र धाकटा गेल्यावर लागलेलं नाही. तो शहर सोडून गेला त्याच आठवड्यात सुरू झालं. तारवाला पाठ उघडी टाकून कुठे बसेना. घरी जेवायलासुद्धा भिंतीला टेकून बसतो, असं वहिनींनी मला सांगितलं. दुकानात त्याने टेबल फिरवून घेतलं. पाठमोरी बैठक चालूच राहिली, पण मास्तर आणि मी भिंतीकडे बघायचो आणि तो तिरका बसायचा, एक डोळा मागे. गाणं सुरू व्हायच्या आधी टेपच्या बटणाचा खट्‌ आवाज येतो ना, तो त्याला टेप बंद असतानाही यायचा. मग तो हातातली पकड खाली ठेवून थांबायचा. पुढे काय वाजतंय याची वाट बघायचा. काहीच वाजायचं नाही.

धाकट्याची गिटार त्याने खुंटीवर टांगून ठेवली होती, दर महिन्याला सुरात लावून. शेजारी कोणी जोरात वाजवलं की तिच्या तारा आपोआप गुणगुणायच्या. हे होतंच. एका सुराची तार दुसऱ्या तशाच तारेला हलवते, यात भुताखेताचं काही नाही, हे त्यानेच मला शंभर वेळा समजावलं होतं. तरी ती गुणगुणली की तो उठून तिच्या तारांवर तळवा ठेवायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी एकदा म्हटलं, तारा काढून टाक, कटकट मिटेल. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जिना उतरून खाली आलो. खरं सांगायचं तर मलाही तिथे भीती वाटायला लागली होती. मास्तरांनाही वाटत असणार, कारण ते पुढे पुढे खुर्चीवर बसण्याआधी दार लावून घेत.

एकदा बैठकीत बटण दाबून मास्तरही खुर्चीत येऊन बसले होते, तेव्हा गाणं संपल्यावर आणि आम्ही गुण लिहायच्या आधी, मागे कोणीतरी घसा खाकरला. तिघांनीही ऐकलं. कोणीच वळलं नाही. मी लिहिलेला आकडा वाकडा आला.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी पुतणी आली. धाकट्याची मुलगी. पंचविशीची, कुठल्यातरी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. आईने घर बदललं, तेव्हा बापाच्या कपाटात तिला ती कॅसेट सापडली होती. घरी टेप नव्हता, म्हणून ऐकलेली नव्हती. दारात उभी राहिली आणि आत येण्याआधी तिने घसा खाकरला. तारवाल्याच्या हातातली तार सुटून टेबलावर आपटली.

बसली, चहा प्याली, मग सरळ मुद्द्यावर आली. "काका, बाबांना वाजवताना मी कधी बघितलं नाही. ते कसे वाजवायचे, ते मला कळायला हवंय. मला यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं." आणि बाबा जसे सांगायचे तसंच ऐकायचं, म्हणाली, पाठमोरं बसून. तीच एक खरी रीत, असं बाबा म्हणायचे. तारवाला नको म्हणाला. तिने काही हट्ट केला नाही, नुसत्या तीन खुर्च्या उचलून भिंतीकडे वळवल्या. तीस वर्षांनी तो खोलीकडे पाठ करून बसला. त्याची मान शर्टाच्या कॉलरमध्ये आखडलेली मला कडेने दिसत होती.

बटण खटकलं. आधी नुसती खरखर, मग घसा खाकरल्याचा आवाज. तो कॅसेटमधूनच आला, पण आम्ही तिघेही दचकलो. मग तो वाजवायला लागला. ऐकायला मी आलो होतो, पण मला गिटार ऐकूच येईना. मला ऐकू येत होता धाकटा. त्याचं हसणं, त्याचं जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरणं, आणि माझ्या दुकानात काचा पुसत पुसत विचारलेलं ते सगळं. खुंटीवरची गिटार गुणगुणायला लागली. तारवाला उठला नाही.

संपलं. खडू हातात होते, पण कोणी लिहिलं नाही. मास्तर म्हणाले, आता गुण कसले द्यायचे, कोण आहे ते माहीत आहे.

"बरोबर आहे," पुतणी मागून म्हणाली. "पण तेव्हाचे गुण खरे होते ना? तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

मग तारवाला भिंतीशीच बोलला.

"मला माहीत होतं. पहिल्याच सुराला कळलं होतं. त्याची बोटं मी झोपेतही ओळखली असती." खडू बोटांत फिरवत तो म्हणाला, "मनात बारा आले होते. मग वाटलं, यातले भावाचे किती? ते कापले. मग वाटलं, अजून असतील. तेही कापले. कापत कापत चारावर आलो. तुम्ही दोघांनी म्हणू नये की घरच्याला झुकतं माप दिलं. आणि त्याने विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तर चार कसे दिले ते सांगावं लागलं असतं. म्हणून नाही म्हणालो."

रडतोय असं मला वाटलं, पण तो रडत नव्हता. एकतीस वर्षांनी बोलल्यामुळे आवाज तसा निघत होता. मी मास्तरांकडे बघितलं आणि मास्तरांनी माझ्याकडे, आणि एका क्षणात आम्हाला दोघांनाही कळलं. मीही ओळखलं होतं त्याला. चौदा मी धाकट्याला दिले होते, वाजवण्याला नाही. तो खाली येऊन माझ्याशी बोलला होता आणि त्याने जावं असं मला वाटत होतं, म्हणून. मास्तरांचे तेराही तसलेच. म्हणजे तिघे जण भिंतीकडे तोंड करून बसलो होतो आणि एकानेही त्याला ऐकलं नव्हतं. तो किती मोठा होता, होता की नव्हता, हे आता आमच्यापैकी कोणाला कधीच कळणार नव्हतं.

पुतणी समोर आली आणि काकासमोर उभी राहिली.

"चाराचं बाबांना काही नव्हतं," ती म्हणाली. "ते म्हणायचे, चारच असतील, दादाला कळतं. पण ते मागे उभे होते ना, त्यांना तुमची मान दिसत होती. पहिल्या सुराला ती खाली गेली. तुम्ही ओळखलंत ते त्यांनी बघितलं होतं. मग विचारलं, आणि तुम्ही नाही म्हणालात. त्यानंतर गिटार हातात घेतली की तुमचं ते ‘नाही’च ऐकू यायचं, म्हणाले. मग घेणंच सोडलं."

तारवाल्याने मान वर केली. "मी आज हो म्हणतोय ना," तो म्हणाला.

"कोणाला सांगताय, काका?"

ती हे रागाने बोलली नाही. म्हणून ते जास्त वाईट वाटलं. तिने कॅसेट काढून पिशवीत ठेवली, काकाच्या पाया पडली आणि निघाली. तारवाल्याने कॅसेट मागितली नाही. मास्तर त्याच्याजवळ थांबले आणि मी तिला सोडायला खाली आलो.

माझ्या दुकानाशी ती थांबली. कपाटातल्या चष्म्यांकडे बघत राहिली, पण बघायचं काही नव्हतं तिला. दवाखान्यात निकाल देणारी मुलगी, तिला अर्धवट उत्तर घेऊन जायची सवय नसावी.

"चौदा तुम्हीच दिले होते ना? बाबा सांगायचे. चष्मेवाले फार खडूस आहेत, म्हणायचे, उगाच कोणाचं कौतुक करत नाहीत." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ओळखलं होतं त्यांना?"

हो म्हटलं असतं तर ते चौदाही गेले असते. तिच्या बापाला कोणीतरी एकदा नुसतं वाजवण्यासाठी दिलेले एवढेच गुण तिच्याकडे उरले होते. आणि नाही म्हटलं तर वर बसलेला माणूस जे बोलून एकतीस वर्षं जळला, तेच मी बोलणार होतो, त्याच धाकट्याच्या मुलीशी.

"नाही," मी म्हणालो. "कोण वाजवतंय ते मला माहीतच नव्हतं."

तिचा चेहरा मोकळा झाला. चौदा, असं स्वतःशीच म्हणून ती रस्त्याला लागली, आणि दुकानाचं दार धरून मी तिथेच उभा राहिलो.