वीतभर मोकळा ताणा

नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर नत्थूजी निनावे चौकीदार होते. पाळी सुटली की कंपनीची बस लागेपर्यंत कामगार फाटकाशी घुटमळत आणि त्यातला एखादा तरी म्हणेच, "नत्थूजी, ते वाळवंटातल्या घराचं सांगा ना जी."

मग नत्थूजी सांगत. उंट, वाळू, हाडं गोठवणारी थंडी आणि लोकरीचं गोल घर. ऐकणाऱ्यांना वाटे, म्हातारा तिखटमीठ लावतो. तसं काही नव्हतं. उलट त्या गोष्टीतला गाभाच ते दर वेळी गिळून टाकत. आणि जिच्या कानावर तो आधी पडायला हवा होता, तिला तर त्यांनी तो कधी सांगितलाच नाही. या एका गोष्टीपायी तो माणूस आतून पोखरला गेला होता, आणि माझं मत विचाराल तर त्यांना तेच योग्य होतं.

नत्थूजी मूळचे नागपूरच्या तांडापेठेतले विणकर. घरात पुढच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून विणायचा माग, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्हींच्या मधे बायको सखूबाई आपला रहाट घेऊन बसलेली. नवऱ्याच्या धोट्यात घालायच्या कांड्या ती सुतानं भरायची, ताण्याचे उभे धागे लावायला हात द्यायची, पहाटे गल्लीत पाजण करताना खळ लावलेल्या सुताला कुंचा मारायची. विणण्याआधीचं सगळं तिचं. विणणं मात्र नवऱ्याचं. त्यांच्या गल्लीत बाई मागात उतरत नसे. उतरली तर घरचा पुरुष कामातून गेला, असं लोक म्हणत.

चौऱ्याहत्तर साली विणकर सोसायटीला एक कागद आला. ताश्कंदला हातमागाचं प्रदर्शन भरणार होतं. नागपुरी रेशीमकाठी लुगडं पाठवायचं आणि ते विणणारा माणूसही सोबत पाठवायचा. सोसायटीचे अध्यक्ष चंपतराव यांनी क्षणाचाही विचार न करता नत्थूजींचं नाव दिलं, कारण त्यांच्यासारखा काठ पंचक्रोशीत कोणाचा नव्हता.

नत्थूजी हरखून गेले. लुगडं निम्म्यावर आलं आणि मुदतीच्या तापानं त्यांना खाटेवर आडवं पाडलं. पंधरा दिवस झाले, ताप उतरेना. लुगडं द्यायला बारा दिवस उरले, तेव्हा सखूबाईनं पुढचं दार लावून घेतलं, पदर खोचला आणि ती मागाच्या खड्ड्यात उतरली.

"हे काय करून राहिली वं?" नत्थूजी खाटेवरून म्हणाले.

"तुमचं नाव जाऊन राहिलं, ते राखून राहिली," ती म्हणाली. "तुम्ही डोळे मिटा. मले कोणी पाहिलं की हात चुकते."

वीस वर्षं कांड्या भरताना तिनं नवऱ्याचे हात पाहिले होते. तेवढंच तिचं शिक्षण. तिनं उरलेलं लुगडं अकरा दिवसांत विणलं. गल्लीत मागाचा आवाज जात होता आणि लोक म्हणत होते, तापानं फणफणला तरी नत्थूजी माग सोडत नाही, याला म्हणतात कारागीर. खाटेवरच्या कारागिरानं ही तारीफ निमूटपणे ऐकली. तिथूनच घसरण सुरू झाली म्हणा ना.

लुगडं मुदतीत झालं, तापही उतरला आणि ताश्कंदला सगळं यथासांग पार पडलं. नत्थूजींना एक कागदी प्रशस्तिपत्र मिळालं, लोकांनी हात हातात घेतले. मग पाहुण्यांना वाळवंट दाखवायचं ठरलं. ऑक्टोबर होता. जुनाट बसमधून दिवसभर धक्के खात ते मेंढपाळांच्या एका वस्तीवर पोचले. मुक्काम एका गोल घरात. तिकडे त्याला युर्त म्हणतात. लाकडी कामट्यांची घडी होणारी जाळी गोल उभी करायची, वरून जाड लोकरीच्या नमद्याचे पडदे गुंडाळायचे आणि सगळं रुंद विणलेल्या पट्ट्यांनी आवळून बांधायचं. छताला मध्यावर धुरासाठी गोल भोक. एकही खिळा नाही. ते घर पट्ट्यांनी उभं होतं, हे विणकराच्या नजरेनं पहिल्यांदा हेरलं.

बाहेर उन्हं उतरताना वाळूत चार खुंट्या ठोकून त्या घरची म्हातारी तसाच एक पट्टा विणत होती. सून सूत सोडवत होती. नत्थूजींनी इकडेतिकडे पाहिलं. पुरुष मेंढ्यांकडे होते. सोबतची दुभाषी मुलगी चांगलं हिंदी बोलायची. तिनं सांगितलं, इथे विणणं बायकांचंच. पुरुषांनी हात लावला तर बायका हसतात. आणि नत्थूजी विणकर आहेत हे म्हातारीला कळलं तेव्हा ती खरंच पोट धरून हसली.

नत्थूजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लुगडं ते कोणाच्या हवाली करत नव्हते, उशाच्या पिशवीतच होतं. ते त्यांनी आणून म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. बघ म्हणावं, पुरुषाचा हात.

आत शेकोटीजवळ बसून म्हातारीनं लुगडं उलगडलं. बाकीच्या पाहुण्यांनी वाडग्यातून चहा घेतला, ती मात्र काठावरून अंगठा फिरवत राहिली. एका जागी अंगठा थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला. ती दुभाषी मुलीला काहीतरी म्हणाली.

"कह रही हैं, यहाँ से दूसरा हाथ है," मुलगी म्हणाली.

 नत्थूजी म्हणाले, कारागीर आहे माझ्याकडे एक. म्हातारीनं मान हलवली. पहिला हात जोराचा आहे, तिनं सांगितलं, ठोका जबर आहे, पण मधूनच घाई होते. दुसरा हात धीराचा आहे. हा बाईचा हात आहे, आणि दोघांत हाच चांगला आहे.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. नत्थूजींनी सांगून टाकलं, की ही माझी घरवाली. म्हातारीनं लगेच नाव विचारलं. आता पंचाईत अशी, की वीस वर्षांत त्या माणसानं बायकोचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. 'अवं', नाही तर लेकीच्या नावानं 'पुष्पीची माय', एवढ्यावर संसार झाला होता. त्या परक्या घरात, पाच-सहा अनोळखी माणसांसमोर, त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, "सखूबाई."

म्हातारीनं ते नाव तीनदा घोळवून म्हटलं. नत्थूजींना इतकं बरं वाटलं की त्यांनी ठरवलं, घरी गेल्याबरोबर हे सगळं तिला जसंच्या तसं सांगायचं. त्या थंडीत नमद्याखाली त्यांना शांत झोप लागली.

सकाळी निघताना म्हातारीनं खुंट्यांवरचा पट्टाच सोडवून आणला. तांबडा, काळा, मधे पांढरी नक्षी. दोन हात लांब विणलेला, आणि शेवटी वीतभर ताणा तसाच मोकळा, धागे लोंबणारे. दुभाषी मुलीनं समजावलं: ही भेट सखूबाईला. या घरची रीत अशी, की एका विणकरणीनं दुसरीला पट्टा दिला तर शेवटची वीत मोकळी सोडायची. ती तिनं आपल्या हातानं भरायची. मग तो पट्टा दोघींचा. नत्थूजींनी तो कपाळाला लावला. म्हातारीचं नाव विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

नागपूरच्या फलाटावर चंपतराव हार घेऊन उभे होते. सोबत अर्धी तांडापेठ, आणि सनईवाला. पिशवीतून पट्ट्याचे धागे बाहेर आलेले होते.

"हे काय गा नत्थू?"

"भेट मिळाली जी."

"कोणाले?"

किती सोपा प्रश्न होता. गळ्यात तीन हार, समोर पन्नास माणसं, आणि पन्नास माणसांसमोर सांगायचं की बायको मागात उतरली होती, अर्धं लुगडं तिचं, आणि चांगलं अर्धं तिचंच. 

"मले," नत्थूजी म्हणाले.

झालं. घरी पोचेपर्यंत ती बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सखूबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "अवो, माझं विणलेलं कोणाच्या ध्यानात आलं का?"

"नाही," नत्थूजी म्हणाले. "कोणाले काही समजलं नाही."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. "बरं झालं बाई. मी दोन महिने घाबरून राहिली होती. म्हटलं, माझ्यापायी तुमची मान खाली जाते." आणि ती आनंदानं चहा ठेवायला गेली. आपलं काम कोणाच्या नजरेत आलं नाही, याचा त्या बाईला आनंद झाला होता. नत्थूजींना हाक मारून तिला थांबवता आलं असतं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

सोसायटीनं सत्कार ठेवला. पट्टा काचेच्या चौकटीत लावायचं ठरलं. सुतार म्हणाला, हे धागे चौकटीत मावत नाहीत, गबाळं दिसते. चंपतरावांनी कात्री मागवली. काप सरळ यावा म्हणून धागे ताणून कोणी धरले, तर नत्थूजींनी. खाली पाटी लागली: 'श्री. नत्थूजी निनावे यांस परदेशी मिळालेली भेट.'

सखूबाई बायकांत मागे बसली होती. तिची नजर पाटीवर गेली नाही, ती पट्ट्याच्या टोकाला गेली. घरी आल्यावर म्हणाली, "त्या पट्ट्याचा ताणा काहून कापला जी? वीतभर अजून विणता आलं असतं."

"त्यात काय ठेवलं आहे."

"तसं नाही. कोणीतरी मुद्दाम ठेवला असन तो." मग तिनं विचारलं, "तिकडच्या बाया काय करत होत्या?"

"बाया काय करतीन. सैपाक."

हे खोटं तर गरजेचंही नव्हतं. पण एका खोट्याला आडोसा द्यायला दुसरं लागतंच. पुढे ती गोष्ट नत्थूजी ओट्यावर बसून सांगत आणि सखूबाई आत कांड्या भरता भरता ऐके. नवऱ्यानं घर बांधायच्या पट्ट्यांचं वर्णन केलं की तिचा रहाट थांबायचा. मागात मात्र ती पुन्हा उतरली नाही. एकदा नत्थूजी चार दिवस गावाला गेले, माग रिकामा होता, तरी नाही. चोरी एकदा पचली, पुन्हा कशाला करा, असंच तिला वाटलं असणार.

पुढे यंत्रमागांनी तांडापेठेतले माग एकेक करून गप्प केले. अठ्ठ्याहत्तरला नत्थूजींनी आपला माग विकला आणि हिंगण्याची चौकीदारी धरली. ऐंशी साली सखूबाईला कावीळ झाली. तीन आठवडे ती अंथरुणाला होती आणि तीन आठवडे नत्थूजी उशाशी होते. रोज ठरवत होते, आज सांगू. एकदा सुरुवातही केली, "अवं, त्या वाळवंटातल्या घरात..." ती डोळे मिटून म्हणाली, "ते मले पाठ आहे जी." त्यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. दोन दिवसांनी ती गेली.

त्र्याऐंशीत सोसायटी बंद पडली. सामान उचलायला लोक आले, तेव्हा नत्थूजीही गेले. पट्ट्याच्या चौकटीची काच फुटली होती, पाटी कलली होती.

"ने गा नत्थू," चंपतराव म्हणाले, "तुझंच आहे."

"माझं नाही जी ते," नत्थूजी म्हणाले. नऊ वर्षांनी. चंपतराव आता थकले होते, त्यांनी कोणाचं ते विचारलं नाही.

रविवारी नत्थूजींनी सावनेरची यष्टी धरली. लेक पुष्पलता तिथे नांदत होती, जावई कोळशाच्या खाणीत होता. तिच्या ओसरीवर त्यांनी पट्टा पसरला आणि सगळं सांगितलं. ताप, लुगडं, म्हातारीचा अंगठा, तीनदा घेतलेलं नाव, मोकळी सोडलेली वीत, फलाटावरचा तो एक शब्द, आणि कात्री. सांगताना ते रडले. हे सगळं ऐकून लेक आपली समजूत घालील, अशी कुठेतरी त्यांना आशा होती.

पुष्पलतानं समजूत घातली नाही. कापलेल्या टोकावरून तिनं बोट फिरवलं. तिथे अर्ध्या बोटाएवढे दोऱ्यांचे खुंट उरले होते, त्यात काही विणता येण्यासारखं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मायले हे सांगाले किती वेळ लागला असता?"

नत्थूजींनी खरंच हिशेब केला. विणकर माणूस, वेळ त्यांना एकाच मापानं मोजता यायचा.

"एक कांडी भरेपर्यंत," ते म्हणाले.

पुष्पलतानं पट्ट्याची घडी केली, आईच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवली आणि चूल पेटवायला उठली. नत्थूजी ओसरीवरच बसून राहिले. ताश्कंदहून आल्यापासून माग विकेपर्यंतच्या चार वर्षांत सखूबाईनं त्यांच्यासाठी कांड्या किती भरल्या असतील, हे त्यांना काही केल्या मोजता येईना.